वीस मिनिटं पंधरावी

इंग्लंडमध्ये रीडिंग गावी ज्या बाईंच्या घरी मी तीन वर्षं भाड्याने राहिले, त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या अंगात आलंय अशी माझी खात्रीच झाली. दार उघडं होतं. समोरच्या अरुंद पॅसेजमध्ये साठी ओलांडलेली, सडपातळ, बारीक कापलेल्या पांढऱ्या केसांची एक बाई डोळे मिटून उभी होती. गुडघे जरासे वाकलेले, दोन्ही तळवे समोर धरलेले, आणि ते तळवे डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे असे वळत होते. तळव्यांबरोबर बाई कमरेतून झुलत होत्या आणि मधूनच "हप्" असा आवाज काढत होत्या. नागपूरला आमच्या शेजारच्या काकूंच्या अंगात यायचं, त्यामुळे मी काही घाबरले नाही. चपला कुठे काढाव्यात याचा विचार करत दारातच थांबले.

अर्ध्या मिनिटाने बाईंनी डोळे उघडले.

"सॉरी हां. नवीन सुपरमार्केट उघडला आहे ना, त्याचा रन करत होते. तू रूम बघायला आलीस?"

सुपरमार्केटचा रन म्हणजे काय, हे मला पुढे कळलं. स्कीच्या शर्यतीत डोंगरउतारावर काठ्यांची दारं रोवतात. त्यांना गेट म्हणतात आणि ती दिलेल्या क्रमानेच पार करावी लागतात. शर्यतीच्या सकाळी सगळ्या स्पर्धकांना त्या वाटेवरून, म्हणजे कोर्सवरून, सावकाश घसरत खाली येण्याची परवानगी असते. कुठे वळण आहे, कुठे चढउतार आहे, कुठे बर्फ काचेसारखा टणक झालाय, हे सगळं पाठ करायचं. मग वर जाऊन डोळे मिटायचे आणि हातांनीच अख्खी शर्यत एकदा धावून घ्यायची. बाई आयुष्याची दहा वर्षं हे करत होत्या. शर्यती संपून पस्तीस वर्षं झाली तरी सवय गेली नव्हती. दंतवैद्याकडे जायचं असलं की आदल्या दिवशी तिथे जाऊन दार, जिना, खुर्ची बघून यायच्या आणि सकाळी पॅसेजमध्ये हात वळवायच्या. दुधाच्या फडताळापासून पैसे द्यायच्या काउंटरपर्यंत त्यांची अठरा गेटं होती.

मी त्यांना मावशी म्हणू लागले. पहिल्या दिवशी त्यांनी हरकत घेतली, "मावशी साउंड्स लाइक मी तुला लाडू देणार. आय वोन्ट." आणि खरंच, तीन वर्षांत त्यांनी मला लाडू काय, साधी खिचडीही करून घातली नाही. स्वतः सिंकशी उभ्या राहून जेवायच्या, तेही गुडघे वाकवून. मांड्यांना व्यायाम होतो म्हणे.

आमच्या मावशींचा जन्म कार्डिफचा. वडील मिरजेहून तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून आलेले. मुलगी डॉक्टर होणार हे त्यांनी मुलीला न विचारता ठरवून टाकलं होतं. मोठा भाऊ झालाही. ही मात्र अकराव्या वर्षी शाळेच्या सहलीबरोबर गावाबाहेरच्या एका टेकडीवर गेली, आणि तिथे होता प्लॅस्टिकचा उतार. या देशात बर्फाचा भरवसा नाही, म्हणून लोकांनी टेकडीवर ब्रशांच्या जाळीची गादी अंथरून तिच्यावर घसरायची सोय केली होती. त्यावर पावसात घसरायचं. पडलं की अंगठा त्या जाळीत अडकतो आणि शरीर पुढे निघून जातं. मावशींचा उजवा अंगठा दोनदा मोडला होता आणि आता तो इतर बोटांशी भांडल्यासारखा बाहेर बघत असे. बाटलीचं झाकण उघडताना मला हाक मारून म्हणायच्या, "ये गं, माझा अंगठा रिटायर्ड आहे."

खरा बर्फ त्यांना पुष्कळ उशिरा मिळाला. ज्या देशांत घराच्या मागच्या दारातच डोंगर आहेत तिथल्या मुली चालायच्या आधी स्की करतात. तिथे ही कार्डिफची, प्लॅस्टिकवर शिकलेली, आडनावाचा उच्चार कोणालाच न जमणारी मुलगी. त्यात नाव नसलेल्यांचा नंबर शेवटी लागतो. पहिल्या पाचपन्नास जणी त्याच वाटेवरून गेल्या की बर्फात हातभर खोल चर पडतात. "आम्हाला कोर्स नाही मिळायचा," मावशी सांगायच्या, "आम्हाला उरलेला कोर्स." हे त्या जरासुद्धा तक्रारीच्या सुरात म्हणत नसत. आपल्याला उरलेल्या कोर्सवर उभं राहता येतं याचा त्यांना अभिमानच होता.

त्यांच्या गराजमध्ये गाडी नव्हती. लाकडी बाक, शिकंजा, कानशी, आणि मेणाच्या रंगीत वड्या होत्या. रीडिंग-मेडनहेडच्या भागातून सुट्टीत आल्प्सला जाणारे लोक त्यांच्याकडे स्की आणून देत. मावशी कडांना धार लावत आणि तळाला इस्त्रीने मेण वितळवून लावत. बर्फ किती थंड, त्यावर मेणाचा रंग ठरतो. ही माहिती मला पुस्तकातून मिळाली असती तर बरं झालं असतं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या सकाळी माझी इस्त्री बंद पडली. मी गराजमधली उचलली आणि आईने दिलेली इरकली तिच्याखाली घातली. पदरावर निळसर डाग उमटले आणि घरभर मेणबत्ती विझल्याचा वास सुटला. मावशी आल्या, पदर नाकाशी नेऊन हुंगला.

"ही वॅक्स व्हेरी कोल्ड स्नोची आहे," म्हणाल्या. "आज बाहेर अठरा डिग्री आहे. रॉंग चॉइस."

मला रडू येत होतं आणि या बाई मेणाची निवड चुकली म्हणत होत्या. पण दुपारभर त्यांनी ब्राउन पेपर ठेवून, दुसऱ्या इस्त्रीने तो पदर साफ केला. डाग गेले. पुढे मी ती साडी नेसले की त्या न चुकता म्हणायच्या, "केअरफुल हां, यू विल गो व्हेरी फास्ट."

त्यांचे डोळे जायला लागले होते हे मला महिन्याभरातच कळलं. कारण त्यांनीच सांगितलं, अगदी कचऱ्याचं बिन किती वाजता बाहेर ठेवायचं हे सांगताना जो आवाज असतो त्याच आवाजात. दृष्टीचा मधला भाग पुसट होत चालला होता. कडेकडेचं दिसायचं. माझ्याशी बोलताना त्या माझ्या कानापलीकडच्या भिंतीकडे बघायच्या, कारण सरळ बघितलं तर मला तोंड नसायचं. धार लावायचं काम बोटांच्या भरवशावर चालू होतं. डॉक्टरांनी इंजेक्शनं देऊन वेग कमी केला होता, पण दिशा बदलली नव्हती.

कार्डिफचा भाऊ तेव्हापासून मागे लागला होता. तो आता निवृत्त डॉक्टर, बायको वारलेली, चार खोल्यांच्या घरात एकटा. घर वीक आणि माझ्याकडे ये, असं त्याचं म्हणणं. मावशींना घर सोडायचं नव्हतं. गराज सोडायचं नव्हतं, आणि मुख्य म्हणजे जे घर त्यांच्या हातांना तोंडपाठ होतं ते सोडायचं नव्हतं. नवं घर पाठ करायला डोळे लागतात. ते आता पुरेसे उरले नव्हते, हे त्या जाणून होत्या. शेवटी बहीणभावात करार झाला. मावशी घरात एकदाही पडल्या नाहीत तर इथे राहायचं. एकदा पडल्या की कार्डिफ.

"एकदाच?" मी विचारलं. "माणूस कुठेही पडतं, मावशी. मी ऑफिसमध्ये पडलेय."

"शर्यतीत पडलं की खलास. दुसरा चान्स नसतो. दादाला पण तेच सांगितलं, रूल इज रूल."

हा नियम त्यांनीच घातला होता. भावाने तर तीनदा पडायची मुभा देऊ केली होती.

मग त्यांनी पॅसेजच्या गालिच्यावर दोन्ही बाजूंनी निळी टेप चिकटवली. ढगाळ दिवशी बर्फावर काही दिसेनासं होतं, म्हणून शर्यतीच्या वाटेच्या कडेने निळा रंग फवारतात, त्याची ही घरगुती आवृत्ती. दारापासून जिन्यापर्यंत, जिन्यापासून स्वयंपाकघरापर्यंत. टेपच्या आत कोर्स. टेपच्या बाहेर, त्यांच्या भाषेत, प्रेक्षक. माझ्या चपला, छत्री, आलेली पार्सलं हे सगळे प्रेक्षक. टेपच्या आत साधा मोजासुद्धा पडलेला चालत नसे.

आणि माझी नेमणूक झाली गेट जज म्हणून. हा मनुष्य डोंगरावर थंडीत उभा असतो. त्याच्या वाट्याला चारपाच गेटं येतात. स्पर्धक नीट गेला का, एवढंच बघायचं आणि कार्डावर पेन्सिलीने लिहायचं. पेन्सिलीने, कारण थंडीत पेनातली शाई गोठते. जजने विचारल्याशिवाय बोलायचं नाही आणि विचारलं की खरं ते सांगायचं. मावशींनी फ्रिजवर दोऱ्याने एक पेन्सिल टांगली. दर रविवारी सकाळी अकराला कार्डिफहून फोन यायचा. बहिणीशी बोलणं झालं की डॉक्टर मला मागायचे.

"हॅलो जज. एनी फॉल्स?"

"नो फॉल्स, डॉक्टर."

"थँक यू, जज."

गंमत म्हणून सुरू झालेलं हे दीड वर्ष चाललं. नंतर नंतर फोन वाजला की उत्तर द्यायच्या आधी मी एकदा पॅसेजकडे बघून घ्यायचे. मी खोटं बोलत नव्हते, तरीही.

याच काळात कधीतरी मी त्यांना विचारलं होतं, की सगळ्यात मोठा निकाल कुठला? घरात एकही कप नव्हता, पदक नव्हतं, फोटोसुद्धा नव्हता. त्या गराजमध्ये स्कीच्या कडेवरून अंगठा फिरवत होत्या.

"मी पंधरावी आले होते," त्या म्हणाल्या. "वीस मिनिटं."

दाट धुक्यातली शर्यत होती. नंबर नेहमीप्रमाणे शेवटचा. पण त्या दिवशी त्यांना उरलेला कोर्ससुद्धा आवडला. खाली आल्या, फलक पाहिला, पंधरावी. प्लॅस्टिकवर शिकलेल्या मुलीने असल्या शर्यतीत पंधरावं येणं म्हणजे पुढच्या हिवाळ्यासाठी संघात जागा पक्की. दोन ऑस्ट्रियन मुलींनी येऊन मिठ्या मारल्या. कोणीतरी चहा आणून दिला. प्रशिक्षक, जे कधी हसत नसत, ते हसले.

"आणि मग?"

"मग मी चहा संपवला आणि जाऊन सांगितलं. वरून सातवा गेट. माझी एक स्की काठीच्या आतून गेली, एक बाहेरून. स्ट्रॅडल. म्हणजे गेट चुकला. धुक्यामुळे जजला नाही दिसला."

निकालातून नाव काढून टाकण्यात आलं. संघातली जागा दुसरीला मिळाली. त्यानंतर मावशी आणखी दोन हिवाळे स्वतःच्या जोरावर, एका जुन्या व्हॅनमध्ये झोपून शर्यती करत राहिल्या आणि मग थांबल्या.

"पण कोणालाच दिसलं नव्हतं ना?" मी म्हणाले.

"काठी माझ्या पायातून गेली गं. मला कळलं ना." मग माझ्या कानापलीकडच्या भिंतीकडे बघत हसून म्हणाल्या, "बट आय डिड फिनिश द टी. मी लगेच नाही सांगितलं. ते वीस मिनिटं लव्हली होते."

मला त्या वेळी त्यांचा रागच आला होता. इतका खरेपणा मला परका वाटतो, आणि जवळ राहायला थोडा गैरसोयीचाही.

गेल्या जानेवारीत मी नागपूरहून परत आले. हीथ्रोहून बसने दुपारी रीडिंगला पोचले. नेहमीची मोठी बॅग पॅसेजमध्ये भिंतीला टेकवून, टेपच्या चांगली वीतभर बाहेर उभी केली आणि चहा टाकायला आत गेले. मावशी जिन्यावरून येत होत्या. त्यांची पावलं मला पाठ होती. तेरा पायऱ्या, मग उजवीकडे वळण, मग चार पावलं. त्या दिवशी वळण झालं आणि तिसऱ्या पावलाला धप्प असा आवाज आला.

मी धावले. मावशी गालिच्यावर कुशीवर पडल्या होत्या आणि बॅग त्यांच्या पायांशी कलंडली होती. मी जवळ पोचायच्या आत त्यांनी हात वर केला.

"रीरन!"

"लागलं का कुठे? हलू नका, मावशी."

"नथिंग ब्रोकन. मी रीरन मागते. कोर्सवर ऑब्स्ट्रक्शन होता."

हाही नियम त्यांनी मला कधीतरी सांगितला होता. वाटेत कोणी माणूस, कुत्रा किंवा निखळलेली काठी आडवी आली तर स्पर्धकाने तिथल्या तिथे थांबून जजला सांगायचं. अडथळा खरा असेल तर ती धाव धरली जात नाही. पुन्हा पहिल्यापासून धावायला मिळतं.

मी बॅगेकडे पाहिलं. बॅग कलंडली होती, पण तिची चाकं जागच्या जागी होती, टेपच्या वीतभर बाहेर. कोर्सवर काहीही नव्हतं. मावशीच टेप ओलांडून बाहेर गेल्या होत्या. वळण चुकलं होतं. या घरात, जिथे प्रत्येक पाऊल त्यांच्या हाताला पाठ होतं, तिथे त्यांचं वळण चुकलं होतं.

मी बॅग उभी केली आणि पायाने हळूच टेपच्या आत सरकवली.

मग त्यांना उठवलं, खुर्चीत बसवलं. गुडघा खरचटला होता, बाकी काही नाही. "सॉरी, मावशी," मी म्हणाले. "बॅग मी मध्येच ठेवली. तीस तासांचा प्रवास झाला, भानच राहिलं नाही."

"इट्स ओके," त्या म्हणाल्या. "चहा उतू जातोय."

हे मी केवळ त्यांच्यासाठी केलं असं म्हणणं सोयीचं आहे. मलाही ते घर सोडायचं नव्हतं. स्टेशनजवळची खोली, बोलायला मराठी माणूस, आणि कोणीतरी जिन्यावरून उतरतंय हा आवाज. पण त्यांना कार्डिफच्या त्या अनोळखी घरात चाचपडताना मला बघवलं नसतं, हेही तितकंच खरं.

रविवारी फोन आला.

"हॅलो जज. एनी फॉल्स?"

"वन, डॉक्टर. पण चूक माझी होती. माझी बॅग मध्ये होती."

पलीकडे कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. मग, "टेपच्या आत?"

"आत."

"ओके," डॉक्टर म्हणाले. "रीरन देन." त्यांच्या आवाजात सुटका होती की निराशा, मला सांगता आलं नाही. मावशी सिंकशी उभ्या राहून टोस्ट खात होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही.

तो आठवडा मजेत गेला. मावशी खुशीत होत्या. मंगळवारी त्यांनी चक्क पोहे केले, तीन वर्षांतला पहिला पदार्थ, आणि त्यात साखर इतकी की मी दोन पेले पाणी प्याले. गुरुवारी त्यांनी जुनी, स्वतःची स्कीची जोडी खाली काढली, तिला धार लावली, मेण लावलं आणि परत ठेवून दिली. मी विचारलं कशासाठी, तर म्हणाल्या, "उगाच." शनिवारी पॅसेजमध्ये उभ्या राहून त्यांनी हात वळवले. मी सवयीने गेटं मोजू लागले. पण ही वाट माझ्या ओळखीची नव्हती. दोनतीन वळणांनंतर हात अडखळायचे आणि त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या.

दुसऱ्या दिवशी अकराला फोन वाजला. मावशींनी तो आधी उचलला.

"दादा, थांब, जजला नको बोलवू. मी सांगते. स्ट्रॅडल. बॅग बाहेर होता. मी आत नव्हते." पलीकडून डॉक्टर काहीतरी म्हणाले. "नो, शी इज नॉट लाइंग. शी इज जस्ट अ बॅड जज. हो. हो. फेब्रुवारीत. तुझ्या घराचे फोटो नको पाठवू, ते दिसत नाहीत. पायऱ्या मोजून सांग."

फोन ठेवून त्या माझ्या कानापलीकडे बघत उभ्या राहिल्या. माझं तोंड लाजेने गरम झालं होतं. बरं होतं की ते त्यांना दिसत नव्हतं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"चाकांचा आवाज आला ना. मी खाली पडलेली होते, कान कार्पेटला." मग त्यांनी माझा हात शोधला आणि तो आपल्या वाकड्या अंगठ्याने दोनदा दाबला. "थँक यू हां. वीस मिनिटं खूप छान होते."

मला रडू आवरलं नाही. त्या मात्र आत गेल्या आणि गार झालेला आपला चहा उभ्याउभ्या पूर्ण संपवला.

फेब्रुवारीत गराज रिकामं झालं. टेप काढायचं काम माझ्याकडे होतं. गालिच्याचे बारीक धागे घेऊन ती निघाली. मी आता मेडनहेडला राहते. दर रविवारी अकराला कार्डिफला फोन करते. डॉक्टर उचलतात, बहिणीकडे देतात, आणि आता प्रश्न मी विचारते.

"एनी फॉल्स, मावशी?"

"दोन," मागच्या रविवारी त्या म्हणाल्या. "एक जिन्यावर, माझा फॉल्ट. दुसरा किचनमध्ये. दादा म्हणतो, त्याची खुर्ची मध्ये होता."

"आणि?"

पलीकडे डॉक्टरांच्या खाकरण्याचा आवाज आला. मावशींनी आवाज खाली आणला.

"नव्हता गं," त्या म्हणाल्या. "पण आज नाही सांगत त्याला. चहा संपवू दे."